अल्ट्राफास्ट स्पेक्ट्रोस्कोपी आणि नवे पदार्थ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस्सीची मुलं प्रोजेक्टसाठी येतात, शेजारच्या विभागातले लोक सॅम्पल घेऊन येतात, आणि घरचेही अधूनमधून विचारतात की दिवसभर त्या अंधाऱ्या खोलीत करतेस तरी काय. करते ती अल्ट्राफास्ट स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे लेझरच्या अतिशय आखूड स्पंदांनी पदार्थातल्या झटपट घडामोडी मोजणं. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. उदाहरणं पेरोव्स्काइट या सौरघटांसाठी गाजणाऱ्या स्फटिकी पदार्थावरची जास्त आहेत. सध्या येणाऱ्या सॅम्पलमध्ये तीच जास्त असतात, आणि चुकीचे निष्कर्षही त्यांच्याबाबतीतच सर्वांत सहज निघतात.

अल्ट्राफास्ट म्हणजे नेमकं किती फास्ट?

फेमटोसेकंदापासून ते फार तर काही नॅनोसेकंदांपर्यंत. एका सेकंदात १०^१५ फेमटोसेकंद असतात. सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश एका फेमटोसेकंदात जेमतेम ०.३ मायक्रोमीटर पुढे सरकतो.

एवढ्या बारीक वेळेची गरज का पडते, तर पदार्थाच्या आतल्या घडामोडी याच वेगाने चालतात म्हणून. कार्बन-हायड्रोजन बंधाचं एक आंदोलन सुमारे ११ फेमटोसेकंदांत पुरं होतं. लेड आयोडाइड पेरोव्स्काइटच्या जाळीची, म्हणजे अणूंच्या मांडणीची, संथ आंदोलनं साधारण एका पिकोसेकंदाची, म्हणजे १००० फेमटोसेकंदांची. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात उडतो, जादाची ऊर्जा जाळीला देऊन थंड होतो, कुठे अडकतो, कुठे शेजारच्या थरात उतरतो, नाहीतर होलला (इलेक्ट्रॉन उडाल्यामुळे मागे उरलेल्या रिकाम्या जागेला) भेटून संपतो. सौरघट चांगला निघणार की वाईट, यातला बराचसा निकाल पहिल्या काही नॅनोसेकंदांतच लागलेला असतो.

एवढ्या वेगाचा डिटेक्टर मिळतो कुठे?

कुठेच नाही, आणि त्याची गरजही नाही. आमचा डिटेक्टर साधा, हळू आहे. वेळ मोजतो तो रस्ता.

लेझरच्या एकाच स्पंदाचे दोन भाग करतात. एक भाग पंप: तो सॅम्पलला उत्तेजित करतो. दुसरा प्रोब: तो थोड्या वेळाने येऊन सॅम्पलची अवस्था बघून जातो. दोघांतलं अंतर ठरवायला एकाच्या वाटेत सरकता आरसा बसवलेला असतो, त्याला डिले स्टेज म्हणतात. आरसा १५० मायक्रोमीटर मागे घेतला की जाऊन-येऊन वाट ३०० मायक्रोमीटरने वाढते आणि स्पंद बरोबर एक पिकोसेकंद उशिरा पोचतो. एक नॅनोसेकंद हवा असेल तर स्टेज १५ सेंटिमीटर सरकायला हवी. बहुतेक ठिकाणी मोजमाप दोन-चार किंवा फार तर आठ नॅनोसेकंदांपाशी का थांबतं, याचं कारणही हेच. टेबल संपतं! शिवाय एवढी लांब स्टेज सरकताना बीम जागचा हलू नये, ही वेगळीच डोकेदुखी.

म्हणजे इलेक्ट्रॉनचा सिनेमाच म्हणायचा ना?

बातम्यांत तसं लिहितात, पण माझं मन त्याला तयार होत नाही. सिनेमात एकच घटना सलग टिपलेली असते. इथे प्रत्येक वेळी नवा पंप स्पंद येतो, नवी घटना घडते आणि तिचा एकच क्षण टिपला जातो. पुढच्या क्षणासाठी सगळं पहिल्यापासून. एका डिलेवर हजारो स्पंदांची सरासरी घ्यायची, मग आरसा सरकवायचा.

यातली अट लक्षात घ्यायला हवी. दोन पंप स्पंदांच्या मधल्या वेळात सॅम्पल मूळ पदावर आलंच पाहिजे. सेकंदाला १००० स्पंद देणाऱ्या लेझरमध्ये हा वेळ एक मिलिसेकंद. बहुतेक कॅरियरना, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होलना, तेवढा पुरतो. पण पेरोव्स्काइटमधले आयन सेकंद-मिनिटांच्या हिशेबाने सरकतात, काही सेंद्रिय पदार्थांतल्या ट्रिपलेट नावाच्या उत्तेजित अवस्थाही हट्टी असतात. तिथे तुम्ही ताजं सॅम्पल मोजत नसता, लेझरखाली बराच वेळ बसलेलं सॅम्पल मोजत असता. म्हणून पहिला स्कॅन आणि शेवटचा स्कॅन एकावर एक ठेवून बघायची सवय लावा. सरासरी काढली की हा फरक गायब होतो आणि मग कोणालाच दिसत नाही.

टेबलावर असतं काय काय?

सुरुवातीला मुख्य लेझर. अनेक प्रयोगशाळांत तो टायटेनियम-सफायर असतो: ८०० नॅनोमीटर तरंगलांबी, ३५ ते १०० फेमटोसेकंदांचे स्पंद. नव्या ठिकाणी १०३० नॅनोमीटरचे इटर्बियम लेझर दिसू लागले आहेत. ते सेकंदाला लाखभर स्पंद देऊ शकतात. कमी उजेडात मोजायचं असेल तर हे फार उपयोगाचं, त्याबद्दल पुढे येईलच.

इतका आखूड स्पंद थेट वर्धित करायला गेलं तर वर्धकाचा स्फटिकच जळेल. म्हणून तो आधी काळात ताणतात, मग वर्धित करतात, मग पुन्हा दाबतात. ही युक्ती १९८५ साली डोना स्ट्रिकलंड आणि जेरार्ड मुरू यांनी दाखवली. त्यासाठी त्यांना २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

पुढे बीम फुटतो. पंपाच्या वाटेवर प्रकाशाचा रंग बदलणारं उपकरण असतं, म्हणजे सॅम्पलला हव्या त्या ऊर्जेने उठवता येतं. प्रोबच्या वाटेवर मला सगळ्यात आवडणारी गोष्ट असते: दोन-तीन मिलिमीटर जाडीची सफायरची चकती. तिच्यावर ८०० नॅनोमीटरचा स्पंद एकवटला की पलीकडून पांढरा प्रकाश निघतो, साधारण ४५० नॅनोमीटरपासून पुढे. ऊर्जा अगदी थोडी लागते, मायक्रोज्यूलच्या आसपास. आयरिस (बीमच्या वाटेतलं लहान-मोठं करता येणारं भोक) हळूहळू उघडत गेलं की कागदावर आधी फिकट लालसर ठिपका दिसतो, मग मधोमध पांढरं आणि भोवती रंगाचं वलय. तिथेच थांबायचं. हाव करून ऊर्जा वाढवली की पांढरा ठिपका फडफडू लागतो, आणि त्या दिवसाचा डेटा केरात. विद्यार्थी पहिले काही आठवडे हा ठिपका स्थिर ठेवायलाच शिकतात. माझ्या मते निम्मं प्रशिक्षण तिथेच होतं.

उरलं चॉपर: पंपाच्या वाटेत फिरणारी भोकाभोकांची चकती, जी एकाआड एक पंप स्पंद अडवते. पंप असताना आणि नसताना प्रोब किती आला, या दोहोंच्या गुणोत्तराचा लॉगरिदम म्हणजे आमचा सिग्नल. शोषणातला हा बदल बहुधा हजारांशात असतो, आणि नीट सरासरी घेतली तर लाखांशापर्यंत उतरता येतं.

आलेखात काही ठिकाणी खड्डे आणि काही ठिकाणी उंचवटे का येतात?

खड्डा म्हणजे ब्लीच. एसटीत बसायच्या जागा आधीच भरल्या असतील तर पुढच्या थांब्यावरचे प्रवासी चढत नाहीत, तसंच. पंपाने इलेक्ट्रॉन वरच्या जागांवर बसवले, तर त्याच ऊर्जेच्या प्रोबला शोषण करायला जागा उरत नाही. शोषण घटतं, सिग्नल ऋण येतो. लेड आयोडाइड पेरोव्स्काइटमध्ये, ज्याला सगळे एमएपीआय म्हणतात, हा खड्डा ७५०-७६० नॅनोमीटरच्या आसपास दिसतो. त्याचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला वरच्या पट्ट्यात न्यायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे १.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, त्यामुळे जागा बरोबर जुळते.

प्रोबमुळे उत्तेजित अवस्था खाली येऊन स्वतःच प्रकाश देते, तेव्हाही सिग्नल ऋण येतो. रंगद्रव्यांच्या द्रावणांत हे हमखास दिसतं. उंचवटा म्हणजे उत्तेजित अवस्थेचं स्वतःचं शोषण: आधीच वर गेलेला इलेक्ट्रॉन आणखी वर जातो.

घोळ असा की हे तिन्ही एकमेकांवर चढतात. धन आणि ऋण मिळून शून्य आलं, तर तिथे काहीच घडत नाही असं वाटतं. शिवाय बँड गॅप थोडासा सरकला तरी आलेखात खड्डा आणि उंचवटा जोडीने उमटतात. तो सरकण्याचा परिणाम असतो, नवी अवस्था नव्हे. नवख्या माणसाने एकाच तरंगलांबीवरचा वक्र बघून कथा रचू नये ती याचसाठी. आधी पूर्ण वर्णपट बघा.

सगळे पेरोव्स्काइटच्याच मागे का आहेत?

आकडे बघा. २००९ साली जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने पेरोव्स्काइट वापरून सौरघट केला, कार्यक्षमता ३.८ टक्के. आज प्रमाणित आकडा २६ टक्क्यांच्या पुढे आहे. सिलिकॉनवर पेरोव्स्काइटचा थर दिलेले जोडघट ३४ टक्के ओलांडून गेलेत. सिलिकॉनला असा पल्ला गाठायला कित्येक दशकं लागली होती.

पण मौज आकड्यांत नाही. हा पदार्थ द्रावणातून, कमी तापमानाला, फिरत्या काचेवर थेंब टाकून बनतो. दोषांनी भरलेला असायला हवा, आणि असतोही. तरीही कॅरियर दूरवर जातात. हे का, याचा पहिला ठोस धागा अल्ट्राफास्ट मोजमापांनी दिला. २०१३ च्या ऑक्टोबरात दोन गटांचे निबंध एकत्र आले, एक ऑक्सफर्डचा आणि एक सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठाचा. पद्धत तशी सरळ होती. पेरोव्स्काइटच्या फिल्मवर एकदा इलेक्ट्रॉन ओढून घेणारा थर द्यायचा, एकदा होल ओढून घेणारा, एकदा कुठलाच नाही. उत्तेजित कॅरियर किती लवकर नाहीसे होतात ते तिन्ही वेळा मोजायचं. फरकावरून ते किती अंतर चालून थराशी पोचले याचा हिशेब लागतो. एमएपीआयसाठी उत्तर आलं सुमारे १०० नॅनोमीटर, आणि क्लोराइड घालून बनवलेल्या फिल्मसाठी एक मायक्रोमीटरहून जास्त. प्रकाश पुरता शोषायला काही शे नॅनोमीटरची फिल्म लागते. म्हणजे जिथे प्रकाश शोषला गेला तिथून कॅरियर बाहेर काढणं शक्य आहे, हे कळलं.

एकाच पदार्थाचं कॅरियर आयुष्य एका पेपरमध्ये २०० पिकोसेकंद आणि दुसऱ्यात शेकडो नॅनोसेकंद. खरं कोणतं?

बहुधा दोन्ही. तुम्ही पंप किती जोराचा मारला ते आधी सांगा.

हिशेबच करू. पंप ४०० नॅनोमीटरचा घेतला, तर एका फोटॉनची ऊर्जा ३.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे जवळपास ५ × १०^-१९ ज्यूल. एका चौरस सेंटिमीटरवर एक मायक्रोज्यूल पडला तर फोटॉन झाले २ × १०^१२. फिल्म ३०० नॅनोमीटर जाडीची आणि सगळा प्रकाश शोषला गेला असं धरलं, तर एका घन सेंटिमीटरमागे कॅरियर झाले साधारण ६.७ × १०^१६. आता पंप शंभरपट करा, कारण सिग्नल छान मोठा दिसतो. कॅरियर झाले ६.७ × १०^१८.

पेरोव्स्काइटमध्ये कॅरियर तीन वाटांनी संपतात. एकेकटे दोषात अडकून. इलेक्ट्रॉन आणि होल भेटून. आणि तिघांच्या टकरीतून, ज्याला ऑजे म्हणतात. दुसऱ्या वाटेचा वेग घनतेच्या प्रमाणात वाढतो, तिसऱ्याचा घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात. या पदार्थासाठी दुसऱ्या वाटेचा स्थिरांक १०^-१० घन सेंटिमीटर प्रतिसेकंद आणि तिसरीचा १०^-२८ (सेंटिमीटरचा सहावा घात प्रतिसेकंद), अशा आकाराचा धरतात. गुणाकार करून पाहा. एक मायक्रोज्यूलला दुसरी वाट सुमारे १५० नॅनोसेकंदांची येते, तिसरी त्याहून कितीतरी संथ. दोन नॅनोसेकंदांच्या स्टेजवर वक्र जवळपास आडवा दिसणार. शंभर मायक्रोज्यूलला तिसरी वाट ०.२ नॅनोसेकंदावर येते. तेच ते २०० पिकोसेकंद.

म्हणजे पहिल्या पेपरमधल्या लोकांनी चुकीचं मोजलं नाही. त्यांनी ऑजे मोजलं आणि नाव दिलं कॅरियर आयुष्य. हा घोटाळा इतका सर्रास आहे की मी आता पेपर उघडला की आधी फ्लुएन्स, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर पडलेली पंपाची ऊर्जा, शोधते. तो दिलेला नसेल तर पुढचे आकडे वाचण्यात वेळ घालवत नाही.

मग सूर्यप्रकाशात खरी घनता किती असते?

१.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वरचे सूर्याचे फोटॉन दर चौरस सेंटिमीटरला सेकंदाला १.६ × १०^१७ च्या घरात येतात. त्याच ३०० नॅनोमीटर फिल्ममध्ये सेकंदाला घन सेंटिमीटरमागे सुमारे ५ × १०^२१ कॅरियर तयार होतात. आयुष्य १०० नॅनोसेकंद धरलं तर कुठल्याही क्षणी त्यांची घनता ५ × १०^१४ राहते, एक मायक्रोसेकंद धरलं तर ५ × १०^१५.

तेव्हा आमचा सगळ्यात हलका म्हणावा असा एक मायक्रोज्यूलसुद्धा सूर्याच्या कितीतरी पुढे आहे. अल्ट्राफास्ट मोजमाप सौरघटाशी जोडायचं असेल तर फ्लुएन्स निदान चार-पाच पायऱ्यांनी खाली उतरवत न्यावा. वक्राचा आकार बदलायचा थांबला की मग पदार्थाबद्दल बोलावं. तिथे सिग्नल इतका बारीक होतो की सेकंदाला हजार स्पंदांच्या लेझरवर रात्र जाते. इटर्बियमचे लाखभर स्पंद इथे कामी येतात, अर्थात सॅम्पल मधल्या वेळात पूर्वपदाला येत असेल तरच.

आणखी एक बारीक गोष्ट. पंपाचा ठिपका प्रोबच्या ठिपक्यापेक्षा चांगला मोठा हवा, आणि दोन्हींचा व्यास मोजलेला हवा, कॅमेऱ्याने नाहीतर धारदार पात्याने बीम कापत कापत. अंदाजे २०० मायक्रोमीटर म्हणून चालत नाही. व्यास दुपटीने चुकला तर फ्लुएन्स चौपटीने चुकतो.

हॉट कॅरियर म्हणून जे गाजतंय ते काय?

बँड गॅपपेक्षा जास्त ऊर्जेचा फोटॉन शोषला की जादा ऊर्जा सहसा एका पिकोसेकंदाच्या आत-बाहेर उष्णता होऊन जाते. एकाच पदार्थाच्या सौरघटाला ३३ टक्क्यांच्या आसपास मर्यादा आहे. १९६१ मध्ये शॉकली आणि क्वाइसर यांनी तिचा हिशेब मांडला, आणि त्यात या उष्णतेचा मोठा वाटा आहे. कॅरियर गरम असतानाच बाहेर काढता आले तर मर्यादा ओलांडता येईल, अशी आशा.

ब्लीचच्या जास्त ऊर्जेकडच्या उतारावरून कॅरियरचं तापमान काढता येतं. पेरोव्स्काइटमध्ये ते थंड व्हायला बराच वेळ लागतो असं दिसलं, आणि त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं. पण हा संथपणा ठळक दिसतो तो कॅरियर घनता १०^१८ च्या घरात गेल्यावर, जेव्हा जाळीची आंदोलनंच तापतात आणि उष्णता परत कॅरियरला मिळू लागते. सूर्यप्रकाशाची घनता वर दिलीच आहे. भौतिकशास्त्र म्हणून विषय सुंदर आहे. छतावरच्या पॅनेलमध्ये तो उतरेल यावर मी आज पैज लावणार नाही.

मोलिब्डेनम डायसल्फाइडसारख्या एक-थरी पदार्थांत वेगळं काय दिसतं?

इथे चित्रच पालटतं. एमएपीआयमध्ये इलेक्ट्रॉन-होल जोडी खोलीच्या तापमानाला सहज सुटते. एक-थरी मोलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये ती काही शे मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्टनी घट्ट बांधलेली असते; अशा बांधलेल्या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. त्यामुळे वर्णपटात दोन ठसठशीत एक्सायटॉन खड्डे दिसतात, एक ६६० नॅनोमीटरच्या आसपास आणि दुसरा ६१० च्या. २०१० साली कळलं की हा पदार्थ एकाच थराचा झाला की थेट बँड गॅपचा होतो आणि प्रकाश देऊ लागतो. तेव्हापासून त्याच्यावर उड्या पडल्या आहेत.

मला आवडतो तो २०१४ चा बर्कलीचा प्रयोग. मोलिब्डेनम डायसल्फाइडच्या थरावर टंगस्टन डायसल्फाइडचा थर ठेवला. पंपाची ऊर्जा अशी निवडली की फक्त मोलिब्डेनमवाला थर उठेल, आणि प्रोब टंगस्टनवाल्याच्या खड्ड्यावर ठेवला. तिथे लगेच सिग्नल आला. होल ५० फेमटोसेकंदांच्या आत पलीकडे गेला होता. दोन थरांमध्ये रासायनिक बंध नाही, फक्त व्हॅन डर वाल्स ओढ, तरी इतका वेग. एवढ्या घट्ट एक्सायटॉनला फोडून होल निघून कसा जातो, हा प्रश्न लोकांना पुढे बरीच वर्षं पुरला.

सेंद्रिय पदार्थांचं काय?

पेंटासीनचं एकच उदाहरण देते. त्यात एका फोटॉनने बनलेला एक्सायटॉन सुमारे ८० फेमटोसेकंदांत दोन ट्रिपलेट एक्सायटॉनमध्ये दुभंगतो. एक फोटॉन, दोन जोड्या. टेट्रासीन दिसायला त्याचं धाकटं भावंड, पण त्यात हेच व्हायला दहा ते शंभर पिकोसेकंद लागतात, कारण तिथे ऊर्जेचा उतार नाही. स्पंद पुरेसा आखूड नसता तर पेंटासीनमधली ही पायरी कधी दिसलीच नसती.

मग जितका आखूड स्पंद तितकं चांगलं ना?

नाही. काळात आखूड केला की स्पंद रंगात पसरतो, यातून सुटका नाही. ८०० नॅनोमीटरला १०० फेमटोसेकंदांच्या स्पंदाची रुंदी निदान ९ नॅनोमीटर असते, १० फेमटोसेकंदांची जवळपास ९४. मग वर सांगितलेला प्रयोग, एकच थर निवडून उठवायचा, जमणार नाही. जे मोजायचंय त्याच्या वेळेपेक्षा स्पंद थोडा आखूड असला की पुरे.

शून्य वेळेपाशी सिग्नल चमत्कारिक वरखाली होतो. शोध लागला का?

काचेवर मोजून बघा. फिल्म नसलेल्या कोऱ्या काचेवरही तेच दिसलं, तर तो पंप आणि प्रोब काचेत एकाच वेळी असल्याचा परिणाम. शिवाय पांढऱ्या प्रोबमधला लाल प्रकाश निळ्याच्या आधी पोचतो, त्यामुळे प्रत्येक रंगाचं शून्य वेगळं असतं. ते दुरुस्त केल्याशिवाय पहिल्या पिकोसेकंदाबद्दल काहीही बोलू नये. निळ्याकडचा सिग्नल उशिरा उगवतो म्हणून ऊर्जा स्थलांतराच्या कथा रचलेल्या मी वाचल्या आहेत.

फिटिंगला किती एक्स्पोनेन्शिअल घालू?

जितके भौतिक कारणाने समजावता येतील तितकेच. चार घातले तर हत्तीसुद्धा बसतो. पेरोव्स्काइटचा क्षय तर मुळात एक्स्पोनेन्शिअल नसतोच; वरच्या तीन वाटांचं समीकरण सगळ्या फ्लुएन्सच्या वक्रांना एकाच वेळी, एकाच स्थिरांकांनी बसवा. बसलं तर काहीतरी कळलं. प्रत्येक वक्राला वेगळे स्थिरांक लागले तर मॉडेल बदला.

साधं फ्लुओरेसन्स आयुष्य मोजणारं उपकरण आहे आमच्याकडे. ते पुरणार नाही का?

पुष्कळदा पुरतं, आणि हे सांगितलं की लोक जरा खट्टू होतात. फोटॉन एकेक मोजणारी ती पद्धत दहा-वीस पिकोसेकंदांपासून मायक्रोसेकंदांपर्यंत जाते, फ्लुएन्स फार कमी लागतो आणि खर्च बराच कमी. तिची अडचण एकच: जे प्रकाश देतं तेच तिला दिसतं. अडकलेले कॅरियर, ट्रिपलेट, पलीकडच्या थरात गेलेला होल, हे सगळं तिच्यासाठी अंधारात. तिथे पंप-प्रोब लागतं.

टेराहर्ट्झ, द्विमितीय स्पेक्ट्रोस्कोपी, एक्स-रे लेझर, यातलं काय कधी वापरायचं?

कॅरियर किती आहेत यापेक्षा ते किती चपळ आहेत हे हवं असेल तर टेराहर्ट्झ: धातूचे संपर्क न जोडता वाहकता मिळते. कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत ऊर्जा गेली हा गुंता सोडवायचा असेल तर द्विमितीय. अणू स्वतः कसे हलले हे पाहायला इलेक्ट्रॉन विवर्तन किंवा स्टॅनफर्डच्या आणि हँबुर्गच्या एक्स-रे लेझरसारख्या सुविधा. तिथे वेळ मिळायला अर्ज करून रांगेत थांबावं लागतं. आपलं सॅम्पल घेऊन पहिल्याच दिवशी तिकडे धावायची गरज सहसा नसते.

२०२३ चं नोबेल अ‍ॅटोसेकंदांना मिळालं. मग फेमटोसेकंद जुने झाले?

अ‍ॅगोस्तिनी, क्राउझ आणि लुइलिए यांना मिळालेलं नोबेल इलेक्ट्रॉनच्या स्वतःच्या हालचालीबद्दल होतं. बंध तुटणं, जाळी हलणं, कॅरियर थंड होणं हे फेमटो आणि पिकोसेकंदांतच घडतं. अहमद झेवैल यांनी १९८० च्या दशकात कॅलटेकमध्ये आयोडीन सायनाइडचा बंध २०० फेमटोसेकंदांच्या आसपास तुटताना पाहिला, १९९९ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तो बंध आजही तेवढ्याच वेळात तुटतो.

महाराष्ट्रात हे काम कुठे चालतं?

ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात रंगद्रव्याचे सौरघट आणि क्वांटम डॉट यांवर या पद्धतीने दीर्घकाळ काम झालं आहे. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये फेमटोसेकंद रामन आणि टेराहर्ट्झ दोन्ही आहे. पुण्याच्या आयसरमध्ये पेरोव्स्काइटच्या नॅनोस्फटिकांवर काम होतं, आणि आयआयटी मुंबईत सौरघट बनवणारे आणि मोजणारे एकाच आवारात आहेत. पीएचडीचा विचार असेल तर संकेतस्थळावरची यंत्रांची यादी वाचत बसण्यापेक्षा त्या गटाचे अलीकडचे पेपर वाचा.

पावसाळ्यात मोजमाप बंद ठेवता का?

बंद नाही, पण जून ते सप्टेंबर चिडचीड ठरलेली. पेरोव्स्काइटला दमट हवा सोसत नाही. काळी फिल्म पिवळी पडली म्हणजे लेड आयोडाइड उरलं. म्हणून सॅम्पल नायट्रोजनच्या पेटीत बनवतात, वरून पारदर्शक पॉलिमरचा थर देतात किंवा दोन काचांत बंद करतात. दुसरी बाजू लेझरची. खोलीचं तापमान एखाद-दुसऱ्या अंशाने हललं की बीम सरकतो, त्यामुळे एसी आणि डीह्युमिडिफायर रात्रंदिवस चालू. लाइट गेली तर यूपीएसवर लेझर जगतो, एसी जगत नाही, आणि पुढचा अर्धा दिवस अलाइनमेंटमध्ये जातो.

डोळ्यांना धोका आहे का?

आहे, आणि तो कायमचा असतो. ८०० नॅनोमीटरचा बीम डोळ्याला फिकट लाल दिसतो किंवा दिसतच नाही, त्यामुळे तो किती तीव्र आहे याचा अंदाज येत नाही. गॉगल त्या तरंगलांबीचाच हवा. टेबलाशी जाताना घड्याळ, अंगठी, बांगड्या काढून ठेवायच्या, कारण परावर्तन कुठे जाईल सांगता येत नाही. खाली पडलेला स्क्रू उचलायचा असेल तर बीमच्या उंचीवरून डोळे खाली नेताना ते मिटून घ्यायचे. नव्या मुलांना हे पहिल्या दिवशी सांगितलं जातं, आणि नंतर रोज.

आमचं सॅम्पल मोजून घ्यायचं आहे. काय आणावं?

द्रावण असेल तर ज्या क्युव्हेटमध्ये मोजणार त्यात पंपाच्या तरंगलांबीला शोषण ०.३ ते ०.५ च्या दरम्यान ठेवा, आणि ढवळायला पुरेल इतकं आणा. फिल्म असेल तर ती दोन्हीकडून स्वच्छ, पारदर्शक काचेवर हवी. धातूचा संपर्क दिलेला पूर्ण सौरघट आणला तर प्रोब आरपार जाणार नाही आणि परावर्तनाची वेगळी मांडणी करावी लागेल. त्याच काचेचा कोरा तुकडा आणा. फिल्मची जाडी मोजून आणा, नाहीतर कॅरियर घनतेचा हिशेबच होत नाही. साधा शोषण वर्णपट आणि फ्लुओरेसन्स आधी घेऊन ठेवा. लेझरखालून सॅम्पल बाहेर आलं की तोच वर्णपट पुन्हा घ्यायचा आणि शेजारी ठेवायचा. आणि सॅम्पल एकच आणू नका, एकाच दिवशी बनवलेली निदान दोन-तीन आणा. पहिलं फ्लुएन्स ठरवण्यात खर्ची पडतं.